नापास नाण्यांचा नाद

भिलाईत खोट काढणाऱ्याला पगार मिळतो. आमच्या कारखान्यातून निघालेल्या रुळावरून आगगाडी धावायची, म्हणून त्यात केसाएवढी चीर सापडली तरी तपासणीचं यंत्र बोंब मारतं आणि तेवढा रूळ कापून भट्टीकडे परत जातो. माझी उभी नोकरी या तपासणीत गेली. त्यामुळे निवृत्तीनंतर मी भिंग घेऊन जुन्या चांदीच्या रुपयांमधले दोष शोधायला बसलो, तेव्हा घरात कोणाला नवल वाटलं नाही. दोष सापडला की मी वर पैसे मोजतो, हे कळल्यावर मात्र वाटलं.

"जन्मभर वाकडं ते फेकलंत, आता वाकडं ते विकत आणताय," ही म्हणाली. यावर आजवर मला उत्तर सुचलेलं नाही.

नवशिक्याचा पहिला घोटाळा होतो तो दोष आणि प्रकार यांत. 1862चा राणीछाप रुपया घ्या. त्यावर 1862 हे साल बसलं आणि 1874 पर्यंत हललंच नाही. मुंबईच्या टांकसाळीने मधल्या काळात सालाच्या वर-खाली बारीक ठिपके टाकले. ते मोजून रुपया खरा कोणत्या वर्षी पडला याचा जाणकार अंदाज बांधतात. हा दोष नव्हे, प्रकार. आमच्या खात्यातले एक निवृत्त फोरमन असाच एक रुपया घेऊन हर्षभरित होऊन आले. त्यांच्या रुपयावर जगात कोणाकडे नसलेला एक जादा ठिपका होता. ऊन पाण्यात बुडवल्यावर तो सुटला. गुळाचा होता.

नागपूरकर भोसल्यांच्या रुपयाची तर वेगळीच गंमत. 1854 साली नागपूरचं राज्य खालसा होईपर्यंत हा आमचा छत्तीसगडही त्यांचाच. त्यांच्या रुपयावर फारसीत नाव दिल्लीच्या अहमदशहा बहादुराचं. हा बादशहा 1754 सालीच तख्तावरून उतरवला गेला होता, पण बदली झालेल्या साहेबाची पाटी दारावर तशीच राहावी तसा तो इथे पुढे कित्येक वर्षं रुपयावर टिकून होता. त्यात ठसा मोठा, चांदीची चकती लहान आणि काम हातोड्याचं. मजकुराचा निम्मा भाग चकतीबाहेर हवेतच उमटायचा. सरकलेली छाप म्हणून यंत्राच्या नाण्याला गिऱ्हाईक दुप्पट मोजेल, पण इथे सगळीच सरकलेली! हिच्या मते असा एखादा मधोमध छापलेला सापडला तर तोच सदोष.

खरा टांकसाळी दोष म्हणजे ब्रॉकेज. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर त्याचाच चेहरा खोलगट, उलटा उमटतो. मग रुपयाच्या एका बाजूला डावीकडे पाहणारी राणी, दुसऱ्या बाजूला उजवीकडे पाहणारी, खड्ड्यात. असा रुपया मिळेल या आशेवर मी सुपेल्याचा रविवारचा बाजार धुंडाळतो. तिथला एक जण मला लांबूनच ओळखतो.

"साहब, शोलेवाला सिक्का आया है. दोनों तरफ रानी."

"बजाके दिखाओ."

चांदीचा रुपया खणकन वाजतो. हा थद्द वाजला. दोन रुपये घासून, पाठीला पाठ लावून चिकटवलेले. कडेला भिंग लावलं तर सांधा दिसतो. विक्रेता मुळीच ओशाळला नाही. "तो टकसाल ने ही चिपकाया होगा," म्हणाला.

याच बाजारात भाजी विकणाऱ्या एका म्हातारीच्या गळ्यात राणीछाप रुपयांची माळ आहे. तिच्याकडून वांगी घेताना मी टांकसाळीची खूण दिसते का म्हणून वाकलो, भिंग खिशातून अर्धं बाहेर आलं होतं, आणि हिने असा चिमटा काढला की वांगी सांडली. म्हातारी हसली. "का देखत हस बाबू?" आता बायकोला कसं सांगायचं, की प्रत्येक रुपयाला कडी डागलेली होती आणि डागलेला रुपया संग्राहकाच्या लेखी बाद, त्यामुळे माझा तसा काही इरादा असणं शक्यच नव्हतं!

सगळ्यात गाजलेली चूक 1911ची. पंचम जॉर्जच्या झग्यावरच्या साखळीत हत्ती आहे. कोरणाऱ्याने त्याची सोंड इतकी आखूड ठेवली की लोकांना तो डुक्कर वाटला आणि गहजब झाला. सुमारे 94 लाख रुपये पाडले गेले होते, बाहेर पडले 7 लाखांच्या आसपास. बाकीचे वितळवले आणि 1912 साली हत्तीला नीट सोंड मिळाली. साम्राज्याच्या एवढ्या कारभारात एकानेही त्या हत्तीकडे भिंगातून पाहिलं नसेल? आमच्याकडे असा रूळ फाटकाबाहेर पडला नसता.

तेव्हा वाचकहो, तुमच्या देव्हाऱ्यात 1911चा रुपया असेल तर एकदा ती सोंड पाहून घ्या. आणि लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी घरातलं कोणी चिंच-रांगोळी घेऊन त्याला चकचकीत करायला निघालं, तर काहीही करून अडवा. घासलेल्या रुपयाला संग्राहक हात लावत नाही. सराफ लावतो, पण तो फक्त चांदी तोलतो.