माशी शिंकली

पंचांगकाकांना दक्षिणेकडे निघायचं आहे. मी एडिसनला राहायला आलो तेव्हाही निघायचंच होतं. त्याला आता सोळा वर्षं होतील. दक्षिणेकडे म्हणजे मेन राज्यातल्या कटाडिन डोंगराच्या माथ्यावरून निघून, पायी, थेट जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरापर्यंत. ॲपलॅचियन ट्रेल. चौदा राज्यं, सुमारे २,१९० मैल. तुम्ही ओळखता त्यांना. तुमच्याकडचे बहुधा नर्मदा परिक्रमेला निघालेले असतील.

त्या ट्रेलवर चालणाऱ्याला टोपणनाव मिळतं. स्वतःचं स्वतः घ्यायचं नसतं, बाकीच्यांनी ठेवायचं असतं. आम्ही ते ठेवून टाकलं. एकही पाऊल न टाकता नाव मिळवणारे काका बहुधा पहिलेच.

एकदा सत्यनारायणाच्या प्रसादाला बसलो असताना माझ्या तोंडून गेलं, "काका, मग यंदा कधी?" पुढे शिरा गार झाला.

मे महिन्यात जमत नाही, कारण कटाडिनच्या वरच्या वाटा बर्फ वितळून जरा वाळल्याशिवाय बॅक्स्टर पार्कवाले उघडत नाहीत. जूनच्या सुरुवातीला नद्या फुगलेल्या, आणि मेनमध्ये पुष्कळ ठिकाणी पूलच नाही. बूट गळ्यात अडकवून पाण्यात उतरायचं. "पाण्याचं एक वेळ जमेल रे," काका म्हणाले आणि त्यांनी आवाज खाली आणला, "पण माशी?"

काळी माशी. तिकडे म्हणतात, ती मदर्स डेला येते आणि फादर्स डेला जाते. काकांचा ह्यावर विश्वास नाही. ती वाहत्या, स्वच्छ पाण्यात वाढते. म्हणजे जागा जितकी सुंदर तितकी माशी जास्त. चावते तेव्हा कळत नाही, रक्त ओघळल्यावर कळतं, आणि दुसऱ्या दिवशी कान पुरीसारखा फुगतो. गडद कपड्यांवर येते, म्हणून काकांनी फिकट रंगाचे चार शर्ट घेतले. डोक्यावरून घालायची जाळी घेतली, आणि सवय व्हावी म्हणून ती घालून लॉन कापायला लागले. शेजारच्या गोऱ्या म्हातारीने काकूंना विचारलं, मध किती डॉलरला देता?

जुलैत माशी जाते. पण मग गणित बसत नाही. रोजचे पंधरा मैल धरले तर १४६ दिवस, म्हणजे १ जुलैला निघालेला माणूस २३ नोव्हेंबरला पोचतो. पण पंधरा मैल धरायचे कसे? उत्तरेकडून निघणाऱ्याला सगळ्यात अवघड भाग पहिल्याच घासाला. कटाडिन चढून उतरायचं, मग मॉन्सन गावापर्यंत ते शंभर मैलांचं रान, मग महूसक नॉचमधले घराएवढाले धोंडे, मग न्यू हॅम्पशरचे व्हाइट माउंटन्स; आणि पाय अजून ऑफिसचेच. तिथे दिवसाला आठ मैल झाले तरी नशीब. म्हणजे स्मोकी पर्वतात पोचायला डिसेंबर उजाडणार. तिथला कुवोही ६,६४३ फूट, बर्फ. मध्ये शिकारीचा हंगाम, त्यात हरीण समजून कोणी गोळी घालू नये म्हणून भडक केशरी घालून चालायचं. "भगवं घाला की सरळ," काकू आतून म्हणाल्या, "आणि जा एकदाचे."

म्हणून परत जून. जूनमध्ये माशी.

पुढे आमच्या घोळक्यात तो शब्दच झाला. कोणाचं एच-वन अडकलं, माशी. कोणाच्या मुलाचं लग्न मोडलं, माशी. नाट्यमंडळाचा प्रयोग रद्द झाल्याची ईमेल आली तिचा विषयच 'माशी' होता.

"त्यापेक्षा सगळे निघतात तसं मार्चमध्ये जॉर्जियातून उत्तरेकडे निघा ना," असं एका नवीन जावयाने सुचवलं. काकांनी त्याच्याकडे, वरणात साखर मागणाऱ्याकडे बघावं तसं बघितलं. मार्च म्हणजे पंगत. मागचा माणूस पाठीवर उभा. शिवाय उत्तरेला दार आहे. ऑक्टोबरच्या मध्यानंतर कटाडिनचा भरवसा नाही, त्यामुळे सहा महिने घड्याळ उशाशी. "दक्षिणेला दार नाही," काका म्हणाले. "स्प्रिंगर बंद होत नाही. उशीर झाला तरी चालतो."

उशिराचा दाखलाही त्यांच्याकडे होता. अर्ल शेफर ७९ व्या वर्षी, १९९८ मध्ये, सबंध ट्रेल चालला. काकूंनी पोळी लाटता लाटता भर घातली, "त्याच्याआधी १९४८ आणि १९६५ मध्येही चालून घेतलं होतं त्याने."

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या तळघरात पाणी शिरलं आणि सामान उचलायला मी गेलो. वैताग होता, खोटं कशाला सांगू, शनिवार होता. कोपऱ्यात जुन्या कालनिर्णयांची चळत ओली झाली होती. पानं सुटी करून वाळत घालताना जून महिने समोर आले. प्रत्येक जूनमध्ये एका तारखेभोवती लाल गोल, काकांच्या अक्षरात 'कटाडिन', आणि त्यावर काट. काटीखाली काकूंचं बारीक अक्षर. २०११: 'आई पडल्या, मिरज, तिकीट.' २०१४: 'फी भरणे.' २०१७: 'ह्यांची नोकरी.' २०२१ च्या चौकोनात नुसतं 'आई'.

माशीचं नाव एकाही पानावर नव्हतं. २०१७ मध्ये आम्ही गणपतीत त्यांना माशीवरून किती पिडलं होतं ते मला चांगलं आठवतं. तेही आमच्याबरोबर हसत होते.

पानं मी वाळली तशी लावून ठेवली आणि काही बोललो नाही. पण गेल्या सप्टेंबरमध्ये एका रविवारी त्यांना गाडीत घातलं आणि डेलावेअर वॉटर गॅपला नेलं. ट्रेल आमच्या न्यू जर्सीतूनही जातो, सत्तरएक मैल. एडिसनहून सव्वा-दीड तासावर. सोळा वर्षांत आम्ही गेलो नव्हतो. तिथून सनफिश पाँडपर्यंत चारेक मैल चढ, आणि तो निघतो उत्तरेला. काकांनी झाडावरची पांढरी पट्टी बघितली, दिशा बघितली, आणि मान फिरवून चालायला लागले. जाळी पिशवीत होती.

तळ्याकाठी एक मुलगी बुटांतली माती झाडत बसली होती. पाठीवरची पिशवी विटलेली, पोटऱ्या लाकडासारख्या. कटाडिनहून आली होती. काकांनी विचारलं, कधी निघालीस?

"सात जून."

काका तिच्याजवळच्या दगडावर बसले. "आणि माशा?"

तिने क्षणभर आठवून पाहिलं. "हो, चावल्या," ती म्हणाली, आणि दुसरा बूट झाडायला घेतला.

काकांनी चिवड्याचा डबा उघडला आणि अख्खा तिच्यापुढे ठेवला. तो माझा डबा होता. ती हातानेच खात सुटली, आम्ही पाण्याकडे बघत बसलो. नंतर ती पिशवी उचलून आमच्या आधी खाली उतरली. थोड्या वेळाने आम्हीही उठलो. पांढऱ्या पट्टीशी येऊन काका थांबले, पाठीमागे एकदा बघितलं, पुढे बघितलं.

"अरे, हा आपला रस्ता आता दक्षिणेचा," ते म्हणाले. मग खिसे चाचपले. फोन गाडीतच राहिला होता.

"आज तारीख काय रे?"