आपली आपण जाऊ

कर्जतला ज्याचं घर असतं त्याला दर पावसाळ्यात नवे नातेवाईक फुटतात. जूनची पहिली सर पडायचा अवकाश, माझा फोन वाजायला लागतो. धबधबे सुरू झाले का, फार्महाऊस मिळेल का, स्टेशनावरचे वडे अजून तसेच लागतात का. यंदा मात्र दादाने वेगळंच काढलं. त्याला इतिहास हवा होता.

कुठल्याशा टूरवाल्यांची ‘वारसा सहल’ त्याने मोबाइलवर पाहिली. कोंढाणे लेणी, एक दिवस, एसी बस, नाश्ता, तज्ज्ञ मार्गदर्शक आणि गळ्यात घालायला ओळखपत्र. माणशी रक्कम वाचल्यावर दादाचा स्वाभिमान एकदम जागा झाला. “त्यांच्या खिशात कशाला घालायचे? लोकल आपली, पाय आपले. आपली आपण जाऊ. स्वतंत्रपणे!”

या स्वतंत्रपणाचा अर्थ मी कर्जतच्या दहिवलीत बसून लगेच ओळखला. रिक्षा मी ठरवायची, वाटाड्या मी बघायचा, जेवण मी सांगायचं आणि वाटेत कुणाला ‘जाऊन यायचं’ झालं तर कुठे, हेही मीच हेरून ठेवायचं. बाकी सगळे स्वतंत्र.

ताबडतोब ग्रुप निघाला. ग्रुपवर नसलेली एकटी आमची आत्या. गिरगावात राहते, सत्तरी ओलांडली आहे, आणि मोबाइलचा उपयोग वाजला की उचलण्यापुरता, असं तिचं ठाम मत आहे. तिला मी फोनवर कळवलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, “अगं, मला झेपेल का? तानाजीलासुद्धा घोरपड लावावी लागली होती.”

“आत्या, तो कोंढाणा म्हणजे सिंहगड. पुण्याकडचा. हे कोंढाणे आमच्या राजमाचीच्या पायथ्याला. लेणी आहेत, किल्ला नाही.”

“म्हणजे घोरपड नको?”

“नको. बूट पुरे.”

तिकडे ग्रुपवर वहिनीने दुसराच घोळ घातला होता. चालायचं कमी म्हणून तिने आंबिवलीचं लेणं शोधून काढलं. लेणं खरंच आहे आणि छान आहे, पेठच्या किल्ल्याच्या वाटेवर, कर्जत तालुक्यातच. पण वहिनीने ‘आंबिवली’ एवढंच टाकून गाडी शोधली आणि ग्रुपवर विजयी मुद्रेने लिहिलं की तिथे तर थेट स्टेशन आहे, कर्जतपर्यंत जायचंच कशाला! ते स्टेशन कसाऱ्याच्या फाट्यावर, शहाड आणि टिटवाळ्याच्या मधलं. तिथे उतरलं तर लेणं मिळणार नाही, फार तर पुढच्या स्टेशनाला गणपतीचं दर्शन होईल. मी तसं लिहिलं. त्यावर मेव्हण्यांनी दर्शनाला लगेच अनुमोदन दिलं. म्हणजे सहलीत टिटवाळा आला. पाठोपाठ कुणीतरी विचारलं, मग खालापूरजवळचा महडचा वरदविनायक का सोडायचा? अष्टविनायकातला आहे, खोपोलीच्या अलीकडेच तर आहे. बौद्ध लेण्यांना निघालेली मंडळी दहा मिनिटांत दोन गणपतींना लागली.

भाच्याने हे सगळं एक्सेलमध्ये घातलं. तो आयटीत आहे, त्याला रकाने दिसले की बरं वाटतं. त्याच्या तक्त्यात कर्जतला उतरल्यावर ‘वडापाव’ या बाबीला सात मिनिटं होती. मी त्याला कळवलं, बाळा, कर्जतच्या वड्याला घाई चालत नाही. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यासुद्धा इथे थांबतात. पुढे बोरघाट आहे, तो एकट्या इंजिनाने चढवत नाही, म्हणून कर्जतला मागून बँकर इंजिनं जोडतात. ती जोडेपर्यंत अख्खी गाडी वडे खाते. डेक्कन क्वीनची ऐटसुद्धा आमच्या फलाटावर येऊन वडा चावते. भाच्याने सातचं आठ केलं.

मला या बँकर इंजिनांचं फार कौतुक आहे, ते सांगूनच टाकते. घाटाच्या पायथ्याशी थांबल्याशिवाय गत नाही, हा इथला जुना कायदा. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली, १८५८ मध्ये खंडाळ्याहून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली, आणि मधला घाट मात्र तसाच उभा. १८६३ मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग पुरा होईपर्यंत लोक खाली गाडीतून उतरत, पालखी, तट्टू, बैलगाडी मिळेल त्याने वर चढत आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत. हे मी आत्याला फोनवर रंगवून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ती पालखी अजून मिळते का? निदान डोली?”

लेणीसुद्धा याच कायद्यातली. मुंबईकर त्यांना ‘आडबाजूची’ म्हणतात. ज्यांनी खोदली त्यांच्या लेखी ती भर रस्त्यावर होती. कोकणातल्या बंदरांकडून मालाचे तांडे घाट चढून देशावर निघत. वर राजमाची, पलीकडे कार्ले आणि भाजे, खाली हे कोंढाणे. चढण सुरू व्हायच्या आधी टेकायला सावली आणि पाणी. भिक्षूंना पावसाळ्यात एका जागी राहायचं बंधन, व्यापाऱ्यांना थांबायची गरज. दोन हजार वर्षांपूर्वी ज्याने ही जागा नेमली त्याच्याकडे एक्सेल नव्हतं, आणि पावसाळ्यात भर गर्दीच्या रविवारी तिथे उभं राहून बघा, त्याच्या जागेच्या निवडीत एक रकाना चुकलेला सापडणार नाही. पावसात वरच्या कड्यावरून पाणी थेट लेण्यांच्या तोंडावर कोसळतं आणि आत बसलेला माणूस कोरडा राहतो.

या पावसावरूनच ग्रुपवर पुढचं भांडण झालं. जुलैत जावं तर वाट निसरडी, शिवाय धबधब्यांवर गर्दी वाढली की बंदीहुकूम निघतो. ऑक्टोबरात ऊन डोकं फोडतं. हिवाळा सगळ्यांना मान्य, पण हिवाळ्यात लग्नं. मे महिन्यात स्टेशनाबाहेर ठाकर-कातकरी बायका पानाच्या द्रोणातून करवंदं आणि जांभळं विकतात, तेवढ्यासाठी वहिनी यायला तयार. भर उन्हात लेण्यांत जाणं मात्र दादाला मंजूर नाही. मी जूनच्या सुरुवातीचं सुचवलं, शेवळं मिळतात म्हणून. शेवळाची भाजी काकडांबरोबर शिजवतात, नाहीतर घसा खाजतो, असं लिहिलं आणि सगळा ग्रुप खाजेवर घसरला. तारीख राहिली बाजूला.

मी स्वतः त्या लेण्यांत अनेकदा गेले आहे. आमचे हे सोबत असले की दहा मिनिटांत “पाहिलं ना?” म्हणून परततात, म्हणून मी शक्यतो शेजारणींबरोबर जाते. कोंदिवड्यात उतरायचं आणि रानातून तासाभराची चाल. चैत्यगृहाची कमान लांबून दिसते तेव्हा सुतारकाम वाटतं. वेदिकेची नक्षी, गवाक्षं, नाचणारी जोडपी, सगळं दगडात, पण हात लाकडाला सरावलेला. शेजारच्या विहारात वर पाहा: छताला तुळया आहेत, आडव्या-उभ्या, अगदी वाड्याच्या माजघरासारख्या. त्यांनी काहीही पेललेलं नाही. अख्खा डोंगर वर आहे, त्याला तुळई कशाला लागते? पण छप्पर म्हटलं की तुळई हवी, या सवयीने कुणीतरी छिन्नीने त्या सोडवून काढल्या. गच्चीवर पत्रा टाकून त्याला खोटी कौलं लावणाऱ्या आमच्या सोसायटीला मी तेव्हापासून काही बोलत नाही.

माझा जीव मात्र अडकतो तो डाव्या अंगाच्या फुटक्या मूर्तीपाशी. माणसाच्याहून मोठं डोकं, त्यावर भरगच्च शिरोभूषण, तोंड झिजलेलं. खांद्याशी ब्राह्मीतली एक ओळ. कण्हाचा शिष्य बलक, याने हे केलं, एवढाच तिचा मतलब. मूर्ती केली की सगळं लेणं, यावर विद्वानांनी वाद घालावा. मला त्यातला कारभार आवडतो. कुणी केलं, कुणाच्या हाताखाली शिकून केलं, आणि केलं. आमच्या ग्रुपवर शेकड्याने निरोप पडले, अंगठे पडले, हात जोडलेली चित्रं पडली. ‘हे मी करतो’ असं लिहिणारा एकही बलक निघाला नाही.

शेवटी मी स्टेशनाबाहेर टमटमवाल्या भाऊंना गाठलं. कोंदिवड्याच्या बाजूचेच. त्यांनी दोन प्रश्न विचारले. “ताई, माणसं किती? त्यात डोंगर न चालणारी किती?” मग आभाळाकडे पाहिलं, परतीच्या गाडीची वेळ विचारली आणि म्हणाले, “पोरगा वाट दाखवायला येईल. जेवण वाडीत सांगतो. पिठलं-भाकरी. भाकऱ्या किती?” भाच्याचा तक्ता तोवर चौथ्या पानावर गेला होता आणि त्यात भाकरीचा रकानाच नव्हता. मी अंदाजाने पंचवीस सांगितल्या.

तारीख ठरली, रविवारची. गाडीवर मी सगळ्यांना पढवलं: फलाटावरच्या पाटीवर ‘एस’ असेल ती कर्जत, ‘केपी’ खोपोली, दोन्ही चालतील. ‘एन’ दिसली तर चढू नका, ती कसारा, आणि मग वहिनीची आंबिवली. आत्यालाही फोनवर तेच घोकवलं.

शनिवारी संध्याकाळी मेगाब्लॉक जाहीर झाला. साडेदहानंतरचा होता, सकाळच्या गाड्या चालणारच होत्या. पण परतीचं काय, म्हणून दादाने ग्रुपवर ‘पुढच्या रविवारी नक्की’ लिहिलं. अंगठ्यांची रांग लागली. मेव्हण्यांनी तर इतक्या झटकन अंगठा टाकला की त्यांना मेगाब्लॉकची आगाऊ खबर असावी. भाच्याने तक्त्याची नवी आवृत्ती पाठवली.

रविवारी सकाळी आठच्या सुमारास फोन वाजला. आत्या. गिरगावातून बोलत असेल म्हणून मी निवांत उचलला.

“अगं, मी कर्जतला उतरले. ‘केपी’ होती, खिडकी मिळाली. तुम्ही कुठे आहात सगळे? वडे संपत आलेत.”

ग्रुपवर नाही, म्हणून तिला रद्द झाल्याचं कुणी कळवलंच नव्हतं. मी आणि हे धावत स्टेशनावर गेलो. पांढरे कॅनव्हासचे बूट, नऊवारी, काखेत छत्री, हातात वड्याचा पुडा. टमटमवाल्या भाऊंशी तिची ओळखही झाली होती. डोली मिळत नाही, पण वाडीतली दोन पोरं खुर्चीवर बसवून नेतील, तेही अर्धीच वाट, असं ठरत आलं होतं. खुर्ची तिने नाकारली. पोरं ठेवली.

मी भाऊंना म्हटलं, “आम्ही तिघंच आहोत हो. भाकऱ्या पाच-सहा पुरे म्हणून वाडीत कळवता का?”

“पंचवीसच राहू देत,” आत्या टमटममध्ये पुढची जागा पकडत म्हणाली. “वाटेत माणसं भेटतात.”