कढीपत्त्याच्या निमित्तानं

"या वहिनी, कढीपत्ता ना? तोडा हवा तेवढा. आणि कळलं का, आमच्या सूनबाईनं हाही दवाखाना सोडला!"

"अगं बाई! दिवाळीत तर लागली होती."

"लागल्या दिवशीच मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेतलेली. ती सोडवायला आमच्या ह्यांचे चार हेलपाटे झाले. माणूस टिकावं म्हणून कागद गहाण ठेवतात का कुणी?"

"पगार कमी असेल."

"बारा हजार. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानं नर्सच्या पगारासाठी समिती बसली होती ना, तिनं सांगितलं, ५० खाटांच्या आतला दवाखाना असला तरी २० हजारांच्या खाली जाऊ नका. २०० च्या वर असेल तर सरकारी सिस्टरइतका पगार द्या. केरळातल्या पोरींनी भांडून २०१८ साली किमान पगाराचा आदेश काढून घेतला. आपल्याकडच्या गरीब गाई!"

"मग पगारासाठीच सोडलं म्हणा."

"छे हो. पहिल्या ठिकाणी काय मोठा पगार होता? चार वर्षं राहिली की! तिथली मेट्रन खमकी. महिन्याची ड्युटी आधीच भिंतीवर लावायची, आणि ती डॉक्टरांनी म्हटलं तरी बदलायची नाही. कुणी पेशंटचा नातेवाईक अंगावर आला तर स्वतः पुढे. ती रिटायर झाली आणि सहा महिन्यांत निम्म्या पोरी गेल्या. इथं? रात्री अठ्ठावीस पेशंट आणि ही एकटी. नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण पाचांमागे एक, मेडिकल कॉलेजात तर तिघांमागे! नाईट उतरली की, 'दुपारची आली नाही, थांबतेस का?' थांबतेस का म्हणजे थांबच. ऑफ कधी, ते आदल्या रात्री मोबाईलवर. सत्यनारायण घालायचा तर गुरुजींना तारीख काय सांगू मी?"

"१२ मेला नर्सेस डेची फुलं देतात म्हणे."

"गुलाब, केक, फोटो. आणि त्याच दिवशी हिला डबल ड्युटी!"

"आता काय करणार?"

"जर्मनीला जाते म्हणतेय. भाषेची बी टू परीक्षा लागते. कुकरच्या शिट्ट्या मोजताना जर्मन आकडे म्हणते. परवा भात करपला. पण वर्ष तरी जाईल त्यात… वहिनी, किती तोडताय? झाड बोडकं होईल!"

"अगं, खरं सांगू? भाच्याचं हॉस्पिटल उघडतंय पुढच्या महिन्यात. साठ खाटा, आणि सिस्टर तीनच मिळाल्यात. म्हटलं, सूनबाईला विचारावं…"

"अस्सं! तरीच. बरं, मेट्रन कोण आहे तिथं?"

"मेट्रन? भाच्याची बायकोच बघणार आहे ते सगळं."

"घ्या, कोथिंबीरही घेऊन जा."