पांढऱ्या एप्रनास अनावृत पत्र

प्रति,
रा. रा. पांढरे एप्रन,
मुक्काम खुंटीवर, शिरूर-दौंड परिसर.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या मिरासदारीला धोका उत्पन्न झाला आहे. भीमेकाठच्या वडगाव रासाईसारख्या गावात बारावीनंतर 'आरोग्य क्षेत्र' या शब्दाचा अर्थ आजवर एकच होता, तो म्हणजे नीट. मार्क पडले तर एमबीबीएस, थोडे कमी पडले तर बीएएमएस, त्याहून कमी पडले तर नर्सिंग नाहीतर फार्मसी, आणि काहीच हाती लागलं नाही तर 'साधं बी.एस्सी.' ही उतरंड आपण शेंड्यावर बसून नीट सांभाळलीत. पण हल्ली काही मुलामुलींच्या कानावर गेलंय की सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमपीएच, देशात आणि परदेशात अनेक ठिकाणी एमबीबीएसशिवायही करता येते. संख्याशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र असल्या साध्या पदवीवर! आपली इस्त्री मोडेल अशी ही बातमी आहे, म्हणून वेळीच कळवतो.

दुर्दैवाने ही घुसखोरी जुनी आहे. 1897 च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस तयार करून ती आधी स्वतःला टोचून घेणारे हाफकिन हे प्राणिशास्त्रज्ञ होते. परळच्या संस्थेला आजही त्यांचंच नाव आहे. 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढणारे र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक. पुढे 'समाजस्वास्थ्य' मासिक त्यांनी मरेपर्यंत चालवलं. साताऱ्याकडच्या बुधचे पां. वा. सुखात्मे संख्याशास्त्रज्ञ होते, आणि माणसाला किती उष्मांक पुरतात यावर साऱ्या जगाच्या पोषणतज्ज्ञांशी त्यांनी वाद घातला. यांतल्या एकाच्याही अंगावर आपण नव्हता. (कर्व्यांना तर नोकरी सोडावी लागली, तेवढंच आपलं समाधान.)

आता आपण म्हणाल, ते जुने दिवस होते; आज रोग ओळखायचा तर डॉक्टरच हवा. रोग्याचा रोग ओळखायला हवाच, त्यात वाद नाही. घोटाळा गावाचा रोग ओळखताना होतो. ऊसतोडीला येणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न 2019 मध्ये बीड जिल्ह्यातून पुढे आला, सरकारने चौकशी समिती नेमली. अशा बाईची सोनोग्राफी कितीही स्वच्छ निघाली तरी तिच्यात मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल दिसत नाही आणि खाडाही दिसत नाही. एक दिवस फडावर गेलं नाही की खाडा भरावा लागतो, आणि महिन्याचे ते चार दिवस जोडप्याच्या कोयत्याला परवडत नाहीत, हे कळायला मजुरीचा हिशोब कळावा लागतो. सर्पदंशाचंही असंच. डॉक्टर प्रतिविष देतो, जीव वाचवतो, त्याला दंडवत. पण शेतीची लाइट रात्रीची असली की माणूस बॅटरी घेऊन उसात दारं धरायला जातो, आणि शिरूरच्या उसात साप आहे तसा बिबट्याही आहे. तिथे औषधाच्या साठ्याइतकंच विजेचं वेळापत्रक वाचता यावं लागतं, आणि ते एमबीबीएसच्या कुठल्या पेपरात येत असल्याचं ऐकिवात नाही.

किंवा पाणीच घ्या. पुणे शहर वापरून सोडून देतं ते पाणी मुळा-मुठेतून येऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळतं, आणि जलपर्णी त्यावर हिरवं पांघरूण घालते. काठच्या गावाच्या पाण्याचा पहारा असतो ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे. तो टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो, नळाचं पाणी नळीत घेतो, त्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडीनचे) थेंब सोडतो. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, पाणी पांढरंच राहिलं तर नाही. एवढी सोपी चाचणी. पण पिवळा रंग एका दिवशी दिसणं निराळं, आणि शेवटच्या वाडीच्या शेवटच्या नळाला वर्षातले किती दिवस तो दिसला नाही हे वहीवरून सांगता येणं निराळं. दुसऱ्या गोष्टीला सार्वजनिक आरोग्य म्हणतात. 2025 च्या सुरुवातीला पुण्यात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोमची) साथ आली तेव्हा शोध शेवटी विहिरी, टँकर आणि नळापाशीच गेला होता.

आपला सर्वांत जड आक्षेप मला ठाऊक आहे: जामखेडचे आरोळे दांपत्य डॉक्टर, गडचिरोलीचे बंग दांपत्य डॉक्टर, आणि आपल्याच तालुक्यातल्या वढूचं काम उभं करणाऱ्या बानूबाई कोयाजीही डॉक्टर. कबूल. पण आरोळे आणि बंग हे डॉक्टर असूनही सार्वजनिक आरोग्य पुन्हा वेगळं शिकायला अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सला गेले. जे एमबीबीएसमध्येच पुरतं येतं ते शिकायला कोण एवढं लांब जाईल? शिवाय गडचिरोलीत नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचा 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेला निष्कर्ष घरोघर जाणाऱ्या आरोग्यदूत बायकांच्या हातांवर उभा होता. वढूलाही 2002 पासून 22 गावांतलं जन्म, मृत्यू, स्थलांतर घरोघर जाऊन नोंदवलं जातंय. ही नोंद एप्रनशिवाय होते.

पुण्यातल्या प्लेगच्या वेळचा रँड डॉक्टर नव्हता, सनदी अधिकारी होता, म्हणून बिगरडॉक्टरांच्या हाती आरोग्य दिलं की काय होतं ते बघा, असंही आपण म्हणू शकता. मुद्दा बिनतोड वाटतो. पण स्वयंपाकघरात आणि देवघरात सोजीर घुसवल्यावर माणसं रोगी लपवू लागतात, हे कळायला वैद्यकाची पदवी असून भागलं नसतं आणि नसून अडलंही नसतं. त्याला माणसं ठाऊक असावी लागतात.

नोकरीच्या बाबतीत मात्र आपलं पारडं जड आहे. तालुका आरोग्य अधिकाऱ्याची खुर्ची आपल्याचसाठी राखीव, आणि इतरांच्या वाट्याला बहुतेक वेळा अकरा महिन्यांचा करार. हे अन्यायाचं आहे, पण आहे. म्हणूनच पहिली पदवी निवडताना 'पब्लिक हेल्थ' हे नाव बघून कुठल्याही महागड्या खाजगी कोर्सला पैसे भरणं मला शहाणपणाचं वाटत नाही. पहिली पदवी स्वतःच्या पायावर उभी राहणारी हवी. संख्याशास्त्र असेल तर उत्तम, कारण आकडे येणाऱ्याला कुणी उपाशी ठेवत नाही. समाजशास्त्र किंवा भूगोल घेतला तर सोबत संख्याशास्त्राचे पेपर घ्यावेत. सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं तर प्रयोगशाळेबाहेरही पडावं. मुख्य विषय कोणता यावर घरात महिनाभर वाद होतो, आणि अनुभवाचं पुढे बघू म्हणतात. उलट हवं. जॉन्स हॉपकिन्सच्या पूर्णवेळ एमपीएचला डॉक्टरेट नसेल तर पदवीनंतर आरोग्याशी संबंधित कामाची दोन वर्षं मागतात. रक्तदान शिबिरात रिबीन धरल्याची सर्टिफिकेटं त्यात धरत नाहीत.

तेव्हा विनंती एवढीच. वडगावातली एखादी पोरगी पदवी घेऊन दोन वर्षं वाड्यावस्त्या फिरली, ऊसतोड्यांच्या कोप्यांत बसून बायकांशी बोलली, ओटीची वही भरली, आणि अनुभवाचं पत्र मागायला आपल्या केबिनमध्ये आली, तर तिला बसायला खुर्ची द्यावी. 'कामसू व होतकरू आहे' एवढ्यावर सही करून पाठवू नये. किती घरं फिरली, तो आकडा पत्रात लिहावा.

कळावे, लोभ असावा.
आपला,
एक बिनएप्रनचा