एकशिक्षकी शाळा, नया नगर

घरी शाळा काढणाऱ्याला सगळ्यात आधी घंटा लागते, असा माझा समज होता. म्हणून ती आणली. भंगारवाल्याकडची, पितळी, चांगली जड. मग भिंतीवर वेळापत्रक आलं, हजेरीपुस्तक आलं, लाल शाईचं पेन आलं. पुस्तकं यायची राहिली होती, पण ती काय, येतातच मागाहून.

आम्ही मिरा रोडला नया नगरात राहतो. मूळचे चिपळूणकडचे. त्यामुळे घरात कोकणी वळणाचं मराठी, लिफ्टमध्ये हिंदी, दुकानांच्या पाट्यांवर उर्दू आणि मुलांच्या दप्तरात इंग्रजी. बायको अंधेरीला एका लॅबमध्ये काम करते, सकाळच्या लोकलने जाते. मी घरी बसून दुकानदारांचे जीएसटीचे रिटर्न भरतो. मुलगी पाचवीची, मुलगा दुसरीचा. मुलगी रोज सकाळी पोट धरून बसायची आणि रविवारी तेच पोट ठणठणीत असायचं. डॉक्टर झाले, काढे झाले. शेवटी बायको म्हणाली, "वर्षभर घरी शिकवून बघू. तुम्ही घरीच तर असता." त्या 'घरीच तर असता'ची मला इतकी चीड आली, की ते खोटं ठरवायला मी मुख्याध्यापक झालो.

शेजारच्या खालांनी दारातच विचारलं, "फीस नहीं भरी, या निकाल दिया?" मी त्यांना उभ्याउभ्या कायदा समजावला. २००९चा शिक्षणहक्क कायदा, १ एप्रिल २०१०पासून लागू, वय ६ ते १४. कलम १० म्हणतं, मुलाला शाळेत घालणं पालकाचं कर्तव्य. पण न घातलं तर पालकाला शिक्षा काय, ते कायद्यात कुठेच नाही. शिवाय कलम ४ आहे, शाळेबाहेर राहिलेलं मूल त्याच्या वयाला साजेशा वर्गात परत घ्यावंच लागतं. खालांनी सगळं शांतपणे ऐकलं, "मतलब निकाल दिया," म्हणाल्या, आणि संध्याकाळी मुलांसाठी वाटीभर खीर पाठवली.

पहिल्या दिवशी घंटा झाली, प्रार्थना झाली, हजेरी झाली. दोन्ही विद्यार्थी समोर बसलेले असताना मी मोठ्याने नावं पुकारली. मुलाने बोट वर करून विचारलं, "सर, पाणी प्यायला जाऊ?" स्वयंपाकघर चार पावलांवर. खरं सांगतो, 'सर' ऐकून बरं वाटलं. मी म्हणालो, "मधल्या सुट्टीत." आणि मुलगी पोट धरून बसली.

पहिला तास गणिताचा, धडा अपूर्णांकांच्या भागाकाराचा. दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं. मी फळ्यावर लिहून मोकळा.

"उलटा का करायचा, अब्बा?"

"नियम आहे."

"कोणाचा?"

महिन्याच्या २० तारखेपर्यंत मी अख्ख्या नया नगरचा हिशोब जुळवतो, पण हा एक जुळेना. जीएसटीत नियम कोणाचा ते तरी माहीत असतं. मी तिला गृहपाठ म्हणून तोच नियम दहा वेळा लिहायला दिला. याला अध्यापनशास्त्रात काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, पण आमच्या वेळी सगळे मास्तर हेच करायचे.

दोन दिवसांनी बायकोने तिला अस्तराचं कापड द्यायला नाक्यावरच्या टेलरकडे पाठवलं. ती बराच वेळ आली नाही, म्हणून मी बघायला गेलो, तर बाईसाहेब कटिंगच्या टेबलावर कोपरं टेकून उभ्या. मास्टरजींनी साडेचार मीटर कापड पसरलं होतं आणि त्याचे पाऊण पाऊण मीटरचे तुकडे करायचे होते. त्यांनी पट्टीने पावापावावर खडूच्या खुणा केल्या होत्या आणि ती बोटाने मोजत होती. मला बघताच ओरडली, "अब्बा, साडेचार मीटर म्हणजे अठरा पाव! तीन पावांचा एक पाऊण, म्हणजे सहा तुकडे. चारने गुणायचं आणि तीनने भागायचं, म्हणून तो उलटा दिसतो!" मास्टरजींनी कात्री चालवली. सहा तुकडे. चिंधीसुद्धा उरली नाही. मी दहा वेळा लिहायला दिलेल्या नियमाचं कारण मलाही तेव्हाच कळलं. पण मुख्याध्यापकाला शोभेल असं मान डोलावून मी "बरोबर" म्हणालो.

यातून शहाणं व्हायचं सोडून मी विज्ञानाकडे वळलो. भाईंदरची मिठागरं आपल्याच शहरात, तेव्हा मुलांनी मीठ बनवलं पाहिजे. उत्तनला जाऊन पाच लिटरच्या कॅनमध्ये समुद्राचं पाणी भरलं. परतीच्या बसमध्ये झाकणाने दगा दिला आणि पुढच्या सीटवरच्या गृहस्थांच्या पायजम्यावर प्रात्यक्षिक झालं. उरलेलं पाणी गच्चीवर परातीत ओतलं आणि मुलांना गणित घातलं : समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार, तर आपल्या परातीत किती? मुलीने उत्तर बरोबर काढलं. परातीतलं पाणी मात्र कमी व्हायच्या ऐवजी रोज वाढायला लागलं.

महिना जूनचा होता. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणून मीही जूनमध्ये सुरू केली होती. मिठागरं पावसाळ्यात बंद असतात, हे आगरी घरातल्या लहान पोरालाही सांगावं लागत नाही. मला सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं, आणि वर डासांबद्दलची नोटीस दिली. मुलाने ती नोटीस अक्षरं जुळवत पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवली. त्याचं ते पहिलं सलग वाचन.

गावाहून मामूंचा फोन यायचा. त्यांच्यासाठी माझ्याकडे मालविका जोशी तयार असे. मुंबईची मुलगी, सातवीच्या सुमारास शाळा सोडली, आईने घरी शिकवलं, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं, आणि २०१६मध्ये थेट अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश! बारावीचं प्रमाणपत्र नसल्यामुळे आयआयटीचं दार तिला बंद होतं, एवढं मी गाळायचो. मामू विचारायचे, "आणि आपली काय करते?" आपली तेव्हा मास्टरजींकडे बटणं निवडत असायची.

एका रात्री बायकोने इन्स्पेक्शन घेतलं. वेळापत्रक वाचलं, हजेरीपुस्तक चाळलं, घंटा हातात घेऊन वजन बघितलं. म्हणाली, "शाळेचा त्रास होतो म्हणून मुलांना काढलं, आणि तुम्ही तीच शाळा हॉलमध्ये आणून बसवलीत. फी तेवढी वाचली." मग तिने ताराबाई मोडकांचं काढलं. तिचं डी.एड. अर्धवट राहिलंय, ते अशा वेळी पूर्ण होतं. आमच्याच रेल्वेमार्गावर उत्तरेला बोर्डी आहे. तिथे १९४५मध्ये ताराबाईंनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात, शाळेत येत नाहीत, तर ताराबाई आणि अनुताई वाघांनी शाळाच कुरणात नेली. "आणि तुम्ही?" बायको म्हणाली, "तुम्ही पोरांना सोफ्यावर डांबता."

दुसऱ्या दिवशी वेळापत्रक उतरलं. घंटा बायकोने दरवाज्याला लावली, दूधवाला वाजवतो. आता सकाळी दोन तास टेबलावर लिहिणं-वाचणं-गणित. एवढ्यात दोन मुलांचं सगळं होतं. उरलेला वेळ शाळेत बहुधा चाळीस जणांना गप्प बसवण्यात जात असावा. मग मुलगी खालांकडे उर्दू अक्षरं गिरवते आणि बदल्यात त्यांना विजेचं बिल वाचून दाखवते. मुलगा किराणावाल्याकडे सुटे पैसे मोजतो, चुकला तर ओरडा खातो, आणि माझ्यापेक्षा त्याचा ओरडा मनावर घेतो. २० तारखेच्या आधीचा आठवडा मी कामाचा नसतो. तेव्हा वाचनालयाची पुस्तकं आणि कॅरम. पोटदुखी कधी थांबली, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

तुमच्या मनात असं काही असेल, तर भिऊ नका, पण हिशोब आधी करा. दोघांनाही सकाळची लोकल गाठायची असेल आणि घरी कोणी नसेल, तर हा उद्योग करू नका; शाळा बरी. करणार असाल तर एक वही ठेवा, तारीख घालून रोज काय केलं ते दोन ओळींत लिहा. काहीच शिकत नाहीत असं ज्या दिवशी वाटेल, त्या दिवशी ती चाळा. मुलांना रोज दुसऱ्या मुलांत खेळायला सोडा. दहावीची काळजी आत्तापासून नको : राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९पासून आहे, १४ वर्षं पूर्ण झाली की तिथून दहावीला बसता येतं, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि मराठी माध्यमही आहे.

मात्र जन्मदाखला आणि आधार यांवरचं मुलांच्या नावाचं स्पेलिंग आजच तपासा. आमच्या मुलीचं दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं निघालंय, आणि तिला चौदा पूर्ण व्हायला अजून तीन वर्षं आहेत. तेवढी पुरतील असं दिसत नाही.