डावा कान

महसूल खात्यात तेहेतीस वर्षे काढून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या मनुष्यास कोणत्याही वस्तूची प्रथम किंमत, मग वजन आणि अखेरीस नड विचारण्याची जी खोड जडते, तिला अनुसरून चिरंजीवांनी परदेशातून मागवलेल्या पुतळ्याची मी रीतसर चौकशी केली, तेव्हा किंमत जकातीसह ऐंशी हजार, वजन आठ किलो आणि नडीच्या रकान्यात नुसते हसू, असा जबाब मिळाला.

पुतळा बॅटमॅनचा. 1939 साली अमेरिकेतील एका चित्रकथा-मासिकात अवतरलेला हा पुरुष वयाने मला वडील, म्हणून त्यास एकदम अरेतुरे करणे जिवावर आले. मनुष्याच्या एक-चतुर्थांश प्रमाणात, रेझिनमध्ये दगडाची पूड कालवून ओतलेल्या त्या मूर्तीच्या बैठकीखाली ‘1500 पैकी 312’ असा शेरा होता. 1499 सख्खे भाऊ हयात असताना हा दुर्मिळ कसा, याचा उलगडा मला अद्याप झालेला नाही. त्याच्या आगमनाबरोबर काचेच्या कपाटातून सावंतवाडीची लाकडी फळे हद्दपार झाली. बचावली ती एकटी तंजावरची मान हलवणारी बाहुली, कारण ती सौभाग्यवतींच्या माहेरची. रिकामे खोके मात्र, ते नसेल तर पुढेमागे पुतळा कोणी घेत नाही या सबबीवर, माळ्यावर सन्मानाने चढले, आणि उन्हाने रंग विटतो म्हणून पश्चिमेची खिडकी बेमुदत बंद झाली.

एका रविवारी, चिरंजीव बाहेर गेल्याचे पाहून, त्यांनी केवळ स्वतःसाठी राखून ठेवलेला मऊ कुंचला घेऊन मी त्या महापुरुषाची धूळ झाडू लागलो, तोच ‘टिक्’ असा माफक आवाज होऊन त्याच्या मुखवट्याचा टोकदार डावा कान माझ्या तळहातावर आला. नोकरीत मी अनेकांची कानउघाडणी केली, पण प्रत्यक्ष कान हाती पडण्याचा हा पहिलाच प्रसंग. उजव्या कानाला कळू न देता मी डावा चिकटवला, पुतळा किंचित भिंतीकडे वळवला आणि वर्तमानपत्रात तोंड खुपसले.

संध्याकाळी चिरंजीव कपाटापाशी बराच वेळ उभे राहिले. मग काच सरकवून म्हणाले, “बाबा, ह्याला कोणी हात लावला होता का?”

मी “छे!” म्हणालो. पंखा चालू होता, आणि चिरंजीवांच्या कोपरापाशी तंजावरची बाहुली सावकाश, खणखणीत होकारार्थी मान हलवत होती.