हरकतनाना

महाराष्ट्रात जवळपास 28 हजार ग्रामपंचायती आहेत. प्रत्येकीला सरपंच मतदार देतात आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक, सरकार देतं. नाना मात्र कुणी द्यावा लागत नाही, तो गावात आपोआप उगवतो. तोंडावर सगळे 'नाना' म्हणतात, पाठ वळली की 'हरकतनाना'. कारण ग्रामसभेत इतिवृत्त वाचायला ग्रामसेवकानं नुसता घसा खाकरला तरी मागच्या रांगेतून आवाज येतो, "भाऊसाहेब, माझी हरकत आहे."

"अजून काही वाचलं नाही नाना."

"तीच हरकत आहे. सव्वादहा वाजले."

नानांना ओळखायची खूण म्हणजे खांद्यावरची कापडी पिशवी. तीत ग्रामपंचायत अधिनियम, 1958 ची पानं सुटलेली प्रत, दहा रुपयांची कोर्ट फी तिकिटं आणि पोचांची जाडजूड फाइल. पोच घेतल्याशिवाय नाना कुणाला कागद देत नाहीत. सवय इतकी हाडात मुरलीय की लग्नात आहेराचं पाकीट दिल्यावरही ते क्षणभर हात पुढे करून उभे राहतात. नवरदेवाला वाटतं हस्तांदोलन करायचंय. नाना शिक्क्याची वाट बघत असतात.

नानांच्या हिशेबानं गावाचा जन्म 24 एप्रिल 1993 ला झाला. त्या दिवशी 73वी घटनादुरुस्ती लागू झाली. त्याआधी इथे नुसती वस्ती होती, असं ते नातवंडांना सांगतात. "आमदार निवडून येतो तेव्हा सभागृहात बसतो," नाना पारावर समजावतात, "ग्रामसभेत तसं नाही. मतदारयादीत नाव आहे ना? झालास सभासद! इथे निवडून यावं लागत नाही, नुसतं यावं लागतं." ऐकणारे माना डोलावतात, तंबाखू मळतात आणि सभेच्या दिवशी नेमके शेतावर जातात.

वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्यात असा कायदा. प्रघात 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरचा. झेंडावंदनाला सारं गाव लोटतं, पोरांना बुंदी वाटली जाते, आणि द्रोण रिकामे होईपर्यंत मैदानही रिकामं होतं. मग नाना बोटानं माणसं मोजू लागतात. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा शंभर, यांतला कमी असेल तो आकडा म्हणजे कोरम. समोर सदस्य, शिपाई, दोन ठेकेदार आणि सावलीला बसलेलं एक कुत्रं.

"कोरम नाही! हरकत!"

भाऊसाहेब हसतमुखानं सभा तहकूब करतात. त्यांना आणि नानांनाही ठाऊक असतं की तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा कोरम लागत नाही. त्या सभेत सारे ठराव सूचक-अनुमोदकासह चहा निवायच्या आत मंजूर होतात. म्हणजे नानांनी कायदा पाळायला लावला आणि कायद्यानं नानांनाच बाजूला बसवलं. तरी पुढच्या सभेला ते पुन्हा बोटं मोजतात. "नियम आहे," एवढंच म्हणतात.

माहिती अधिकाराचा कायदा 2005 साली आला आणि नानांना हत्यार मिळालं. सुरुवातीला त्यांचा एकेक अर्ज चार-चार पानांचा असे. संदर्भ एक ते नऊ, मग रामराज्याची आठवण, मग प्रश्न. पुढे राज्याच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांचा हवा असं आलं, तेव्हा नाना दोन दिवस जेवले नाहीत. अखेर काटछाट करायला बसले. आधी 'सविनय' गेलं, मग 'नम्र विनंती' गेली, मग 'आपला कृपाभिलाषी'. आता त्यांचा अर्ज पोलिसी समन्ससारखा वाचला जातो. भाऊसाहेबांना वाटतं नाना अलीकडे रागीट झालेत. बिचारे शब्द वाचवत असतात.

हातपंपाचं प्रकरण अशाच एका अर्जातून निघालं. खर्चाच्या नोंदीत 'वरच्या आळीतील हातपंप दुरुस्ती' अशी ओळ होती. वरच्या आळीत हातपंप नव्हता, कधीच नव्हता. नानांनी हातपंपाचं ठिकाण विचारलं. तीस दिवस गेले, उत्तर नाही. नाना पहिल्या अपिलात गेले. सुनावणीची तारीख लागली आणि त्याच्या आदल्या आठवड्यात वरच्या आळीत गाडी आली, बोअर घेतली, खरोखरचा हातपंप उभा राहिला. जन्माआधी दुरुस्त झालेला हा पहिलाच हातपंप असावा. आळीतल्या बायका आता तिथे पाणी भरतात आणि भरता भरता म्हणतात, "नानांना काही उद्योग नाही बाई." नाना मात्र खट्टू झाले होते. उत्तर मिळालं की त्यांना करमत नाही, फाइल बंद करावी लागते.

मतदानाच्या दिवशी नाना बूथ एजंट असतात. पक्ष कुठलाही चालतो, कारण त्यांची निष्ठा नियमावर. खिशात दोन रुपयांचं नाणं तयार. मतदाराच्या ओळखीवर शंका असेल तर एजंटनं दोन रुपये भरून आक्षेप घ्यायचा आणि केंद्राध्यक्षानं तिथल्या तिथे चौकशी करायची, असा नियम आहे. एकदा नानांनी सख्ख्या मेहुण्यावर आक्षेप घेतला. यादीतल्या फोटोत मिशी होती, समोर नव्हती. चौकशीत मेहुणा खरा निघाला, मत देऊन आला, नाणं सरकारजमा झालं. नानांनी दोन रुपयांची पावती मागून घेतली. ती फाइलला आहे. मेहुणा अजून बोलत नाही.

घरात लोकशाही किती, हा प्रश्न नानांना कुणी विचारत नसे. तो विचारला सरपंचबाईंनी. महिलांना निम्म्या जागा आरक्षित झाल्यावर त्या निवडून आल्या, पण खुर्चीत बसत त्यांचे यजमान. साऱ्या गावाला ते दिसत होतं आणि सारं गाव त्यांना 'सरपंचसाहेब' म्हणत होतं. नाना भर सभेत उठले. "खुर्चीत कोण बसलंय? मतमोजणीत हे नाव ऐकलं नव्हतं. हरकत!" यजमान लालबुंद होऊन उठले आणि बाई पहिल्यांदा खुर्चीत बसल्या. बसल्या बसल्या म्हणाल्या, "नाना, पाणीपट्टी भरलीत का?"

नानांनी पावती काढली. लॅमिनेट केलेली.

"ग्रामसभेच्या आधी महिला सभा झाली. तुमच्याकडून नानी आल्या नव्हत्या."

सभेत शांतता पसरली. पिशवीत या प्रश्नाचा कागद नव्हता. नोटीस नानांनी घरी वाचली होती, पण मनातल्या मनात. पुढच्या महिला सभेला नानी गेल्या, आल्या आणि ओसरीवर टेकल्या. नानांनी चहा मागितला. नानी म्हणाल्या, "ऐनवेळचा विषय आहे. पुढच्या सभेत घेऊ."

नाना एकदा वॉर्डातून उभेही राहिले होते. अनामत गेली. गावाचं म्हणणं सरळ होतं: नाना निवडून आले तर प्रश्न कोण विचारणार? यात नानांचा मान होता आणि गावाची सोयही. पाच वर्षांतून एकदा शाई लावून घ्यायची, मधल्या काळात पारावर बसून 'सगळे चोर आहेत' म्हणायचं, आणि कागद मागण्याचं काम एका चक्रम म्हाताऱ्याला लावून द्यायचं, अशी ही वाटणी आहे. खेड्यातच आहे असंही नाही. शहरात वॉर्डातला खड्डा व्हॉट्सॲपवर पाठवून आपण कर्तव्य उरकतो आणि पालिकेत खेटे घालणाऱ्या शेजाऱ्याला 'रिकामटेकडा' म्हणतो.

नाना हट्टी आहेत, उत्तर पुरतं ऐकत नाहीत, मेहुण्याला दुखावतात, हे सगळं खरं. पण ते विनोदी दिसतात याचं मुख्य कारण ते एकटे आहेत. कायद्यानं शंभर माणसं मागितली होती, आला एक. बाकीचे नव्याण्णव आले असते तर नाना गर्दीत ओळखूही आले नसते, आणि हातपंपाला जन्म घेण्यासाठी अपील लागलं नसतं. पुढच्या ग्रामसभेची नोटीस पंचायतीच्या फलकावर लागलेली असेल. वाचा आणि जा. उशिरा गेलात तर नाना हरकत घेतील, ती ऐकून घ्या.